तग धरणारी आरोग्यव्यवस्था : भातसा-काळू खोऱ्याच्या संदर्भात

(स्मृती व्याख्यानमाला, भातसानगर : व्याख्यानाची संहिता)

हवामानबदलात तग धरणारी आरोग्यव्यवस्था कोणती, याची व्याख्या सोप्या शब्दांत करता येते. रस्ता वाहून गेला, वीज खंडित झाली, विहीर आटली किंवा गढूळ झाली, कर्मचारी कामावर पोचू शकले नाहीत, तरीही ज्या व्यवस्थेत सुरक्षित बाळंतपण, बालकांचे लसीकरण, तापाचे निदान आणि सर्पदंशावरचा उपचार थांबत नाही, ती तग धरणारी व्यवस्था. इमारत किती मोठी आणि यंत्रे किती महाग, यावरून तिची पारख होत नाही. अडचणीच्या दिवशी दार उघडे आहे का आणि आत औषध व माणूस आहे का, हीच तिची कसोटी असते. या विषयावरची जागतिक चर्चा बहुतांशी आफ्रिका खंडाच्या संदर्भात होते. पण त्या चर्चेतील जवळजवळ प्रत्येक मुद्दा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर पडताळून पाहता येतो.

प्रदेशाचे स्वरूप

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे दोन तालुके पसरले आहेत. उत्तरेला कसाऱ्याचा थळ घाट, दक्षिण-पूर्वेला माळशेज आणि नाणेघाट, आणि मधल्या डोंगरउतारांवरून वाहणाऱ्या भातसा, चोरणा, काळू आणि शाई या नद्या. वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली काळा कातळ आणि वर तीव्र उतार असल्याने पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. भातसा आणि चोरणा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या भातसा धरणातून नदीपात्रात सोडलेले पाणी पिसे येथे उचलले जाते, पांजरापूर येथे शुद्ध होते आणि मुंबईला पोचते. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी या एका धरणाचे आहे. तानसा आणि मोडकसागर हेही याच परिसरातले. तरीही मार्च सरला की शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. इगतपुरीजवळच्या भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने शहापूरच्या गावपाड्यांना पाणी देण्याची योजना याच टंचाईवरचा उपाय म्हणून हाती घेण्यात आली.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे आदिवासीबहुल तालुके तिकडे गेले आणि उरलेला ठाणे जिल्हा आकडेवारीत महानगरांचा जिल्हा ठरला. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी या शहरांची लोकसंख्या एवढी मोठी आहे की डोळखांब, टाकीपठार, कसारा किंवा धसई परिसरातील पाड्यांची स्थिती जिल्ह्याच्या सरासरीत दिसतच नाही. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली हे इथले प्रमुख आदिवासी समाज असून त्यांपैकी कातकरी हा केंद्र शासनाच्या यादीत विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेला आहे. हवामानाचा फटका सर्वांत आधी कोणाला बसतो, हे पाहायचे तर जिल्ह्याची सरासरी बाजूला ठेवून पाड्याची नोंद उघडावी लागते.

हवामान आजार कसे घडवते

हवामानबदलाचे आरोग्यावरचे परिणाम तीन वाटांनी येतात. पहिली वाट थेट आहे : उष्माघात, पुरात बुडणे, दरड कोसळणे, वीज पडणे. दुसरी वाट पाणी, डास, उंदीर आणि साप यांच्यामार्फत येते : अतिसार, कावीळ, हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश. तिसरी वाट माणसाच्या पोटातून जाते : पीक बुडणे, रोजगार जाणे, स्थलांतर, कुपोषण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० ते २०५० या काळात केवळ कुपोषण, हिवताप, अतिसार आणि उष्णतेचा ताण या चार कारणांनी दर वर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू संभवतात.

या वाटा एकमेकींत मिसळतात. डेंग्यू हा पावसाचा आजार मानला जातो, पण टंचाईही तो वाढवते. टँकर येईल त्या दिवशी घरातील पिंप, हंडे आणि टाक्या भरून ठेवल्या जातात, आणि झाकण नसलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी कोरडी करण्याचा, म्हणजे ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आग्रह आरोग्य कर्मचारी धरतात. परंतु पुढचा टँकर कधी येईल याची खात्री नसलेल्या घराला साठवलेले पाणी ओतून द्यायला सांगणे निरर्थक आहे. तिथे झाकण, फडके आणि नियमित टँकर हाच डेंग्यूचा प्रतिबंध असतो. पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक हा अशा रीतीने आरोग्य खात्याचा विषय बनतो, मग तो कागदोपत्री कोणत्याही खात्याकडे असो.

लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच. उंदरांच्या लघवीने दूषित झालेले पाणी पायाच्या भेगांतून किंवा जखमांतून शरीरात रोग पोचवते. लावणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभ्या राहणाऱ्या शेतमजुरांना त्याचा धोका कायम असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर मुंबई आणि परिसरात या आजाराची मोठी साथ आली, आणि पूर ओसरल्यावर प्रतिबंधक गोळ्या देण्याची पद्धत तेव्हापासून अधिक काटेकोर झाली.

आफ्रिकेचा अनुभव

आफ्रिका खंडात ५४ देश आहेत आणि त्यांची स्थिती एकसारखी नाही. पण एक विसंगती सर्वत्र दिसते : जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात या खंडाचा वाटा चार टक्क्यांहून कमी, आणि हवामानाच्या आघातांत मात्र तो अग्रभागी. २००८ साली गॅबनमधील लिब्रव्हिल येथे आफ्रिकी देशांच्या आरोग्य आणि पर्यावरण मंत्र्यांनी एकत्र येऊन जाहीरनामा केला. दोन्ही खाती एकत्र काम करतील, हे त्याचे सूत्र होते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने हवामानबदलात टिकणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचा दहा घटकांचा आराखडा मांडला आणि २०२३ साली तो सुधारला. नेतृत्व, मनुष्यबळ, धोक्यांचे मूल्यमापन, पूर्वसूचना, संशोधन, इमारती व तंत्रज्ञान, पाणी-स्वच्छतेसारखे पर्यावरणीय घटक, हवामानाचा विचार करून आखलेले आरोग्य कार्यक्रम, आपत्तीची तयारी आणि निधी असे हे घटक आहेत. यादी लांबलचक वाटते, पण यातला एक घटक ढिला पडला की बाकीचे नऊ कसे कोलमडतात, याची उदाहरणे आफ्रिकेनेच पुरवली आहेत.

मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळ मोझांबिकमधील बेइरा शहराजवळ धडकले. शहराच्या मुख्य रुग्णालयासह अनेक आरोग्य केंद्रांची छपरे उडाली आणि काही दिवसांतच पटकीची साथ सुरू झाली. पहिले रुग्ण निश्चित झाल्यानंतर आठवडाभरात तोंडावाटे द्यायच्या लसीची मोहीम सुरू झाली आणि सुमारे आठ लाख लोकांना लस मिळाली. रुग्णांची संख्या काही हजारांवर गेली, तरी पटकीचे नोंदलेले मृत्यू दहाच्या आत राहिले. शेजारच्या मलावीत चित्र वेगळे दिसले. तेथे २०२२ च्या सुरुवातीच्या वादळांनंतर दक्षिण भागात पटकी सुरू झाली, ती आटोक्यात न येता देशभर पसरली आणि मार्च २०२३ मधील फ्रेडी चक्रीवादळाने तिच्यात भर घातली. १,७०० हून अधिक माणसे दगावली. त्या देशाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी साथ ठरली. याच काळात जगभर पटकीच्या उद्रेकांची संख्या वाढल्याने लसीचा जागतिक साठा अपुरा पडला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. एका ठिकाणी लस, माणसे आणि वाहतूक वेळेवर एकत्र आली. दुसऱ्या ठिकाणी साथ लांबत गेली आणि साठा आटत गेला.

विजेचा प्रश्न तितकाच मूलभूत आहे. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि सहकारी संस्थांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १०० कोटी लोक ज्या आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत तिथे वीज नाही किंवा तिचा भरवसा नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तर निम्म्याच रुग्णालयांना खात्रीची वीज मिळते. त्याच खंडातील इथिओपियाने २००३ पासून प्रत्येक गावसमूहात दोन प्रशिक्षित, पगारी आरोग्य विस्तार कार्यकर्त्या नेमायला सुरुवात केली आणि तीस हजारांहून अधिक स्त्रियांचे जाळे उभे केले. दुर्गम भागातील गर्भवतींसाठी आरोग्य केंद्राशेजारी राहण्याची सोय करण्याची पद्धतही तिथे रुजली. भारतात २००५ पासून सुरू झालेली आशा योजना आणि महाराष्ट्राच्या आदिवासी भागातील माहेरघर योजना या त्यांच्याच जातकुळीतल्या आहेत.

कॅलेंडरवर उभी असलेली तयारी

शहापूर-मुरबाडच्या आरोग्यव्यवस्थेला हवामानाच्या तडाख्याची तयारी नवीन नाही. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे अनेक बालके कुपोषण आणि आजारांनी दगावली आणि राज्यभर खळबळ उडाली. त्यानंतरच्या काळात, १९९५ मध्ये, महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना सुरू केली. तिचे मर्म पावसाळ्यापूर्वीच्या तयारीत आहे. पावसात संपर्क तुटणाऱ्या गावांची यादी करणे, तिथे धान्य आणि औषधे आधीच पोचवणे, मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके फिरवणे, पाड्यावर स्वयंसेवक नेमणे, पाणवठ्यांचे शुद्धीकरण करणे, आणि आरोग्य, महसूल, पुरवठा, पाणीपुरवठा, महिला व बालविकास या खात्यांना एकाच आढाव्याखाली आणणे. आज जग ज्याला बहुविभागीय समन्वय म्हणते त्याचा हा देशी नमुना तीन दशके जुना आहे.

परंतु ही सगळी तयारी कॅलेंडरवर उभी आहे. ‘मान्सूनपूर्व’ म्हणजे मे अखेर, असे गृहीत धरून बैठका होतात, साठे येतात, याद्या होतात. हवामानबदलाने नेमके हेच गृहीतक मोडले आहे. मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदींतील सर्वांत लवकर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हाही पावसाळ्याची अधिकृत सुरुवात व्हायची होती. दुसऱ्या टोकाला, २०१९ च्या ऑक्टोबरअखेर कापणीला आलेले भात परतीच्या आणि अवकाळी पावसाने शेतातच भिजले, कोंब फुटले. ज्या पिकावर घराचे सहा-आठ महिने निघायचे ते गेले, पण आरोग्य खात्याच्या दृष्टीने पावसाळा तेव्हा संपलेला होता. म्हणून तयारी तारखेऐवजी संकेतावर आधारायला हवी : पावसाचा अंदाज, धरणातून होणारा विसर्ग, तापमान व आर्द्रता, पीक नुकसानीचे पंचनामे, स्थलांतराची सुरुवात. यांपैकी प्रत्येक माहिती कोणत्या ना कोणत्या सरकारी कार्यालयात आजही गोळा होते. ती आरोग्य केंद्राच्या टेबलापर्यंत वेळेत पोचत नाही, ही खरी अडचण आहे.

पाणी

आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. पण साथ रोखण्याचे सर्वांत महत्त्वाचे काम उपकेंद्राच्याही बाहेर, विहिरीच्या काठावर होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यात कालवतो, निवळी विहिरीत सोडतो, आणि अर्ध्या ते एक तासानंतर ओटी चाचणी करतो. छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की उरलेल्या क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही, तर विहिरीत टीसीएल टाकूनही पाणी असुरक्षितच आहे. असे होण्याची कारणे बहुधा दोन असतात. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, पण दमट हवेत पोते उघडे राहिले की ते झपाट्याने उतरते. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरण्यायोग्य राहत नाही. दुसरे, पहिल्या मुसळधार पावसाने गढूळ झालेल्या पाण्यात माती आणि पालापाचोळाच क्लोरीन खाऊन टाकतात. तेव्हा आधी तुरटीने पाणी निवळवावे लागते आणि मात्रा वाढवावी लागते. हवा अधिक दमट आणि पाऊस अधिक धोधो होत असताना, म्हणजे गरज सर्वाधिक असताना, शुद्धीकरणाचे साधन दुबळे पडते. यावरचा उपाय स्वस्त आहे : लहान, हवाबंद पॅकिंग, साठ्याची नियमित तपासणी आणि पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ओटी चाचणी करणे.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाणी स्रोतांच्या स्वच्छतेनुसार लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड दिले जाते. हे सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होते. त्यात टँकरचे पाणी, ओहोळाच्या पात्रातील झिरे आणि वीटभट्टीवरची पिंपे यांचाही समावेश झाला, तर कार्डाचा रंग वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल. टंचाईच्या महिन्यांत अनेक पाड्यांचा खरा पाणवठा विहीर नसून हाच असतो.

रस्ता, वीज आणि शीतपेटी

पावसाळ्यात मुख्य रस्त्यापासून तुटणाऱ्या पाड्यांवरून गर्भवतीला किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला झोळीत घालून आणावे लागल्याच्या बातम्या शहापूर तालुक्यातून वारंवार येतात. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, पण रुग्णवाहिका रस्ता संपतो तिथे थांबते. दरड आणि पूर तिला मुख्य रस्त्यावरही अडवतात. माळशेज आणि कसारा घाटांत दरडी कोसळतात, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या.

रस्ते होतील तेव्हा होतील. तोवर रुग्णाला आधीच जवळ आणणे आणि औषध आधीच पुढे नेणे, हे दोनच मार्ग उरतात. जून ते सप्टेंबर दरम्यान बाळंतपणाची तारीख असलेल्या प्रत्येक स्त्रीची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. संपर्क तुटणाऱ्या पाड्यावरील अशा स्त्रीला तारखेच्या आठवडाभर आधी केंद्रात किंवा माहेरघरात आणणे हाच झोळीवरचा उपाय आहे. मात्र तिच्यासोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी, धाकट्या मुलाची सोय आणि दोन वेळचे जेवण यांची तरतूद नसेल, तर माहेरघराची खोली रिकामीच राहते.

सर्पदंशाचे उदाहरण आणखी बोलके आहे. पावसात बिळे भरली की साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला मण्यार रात्री चावते, तर नाग, घोणस आणि फुरसे शेतात व वाटेवर भेटतात. या चारही सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिसर्पविष वापरले जाते. भुकटीच्या रूपातील प्रतिसर्पविषाला लसीसारखी कडक शीतसाखळी लागत नाही, त्यामुळे ते दुर्गम केंद्रातही ठेवता येते. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायला यंत्र लागत नाही : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर उपचार ताबडतोब सुरू करायचा. वीज नसताना, पूल पाण्याखाली असताना जीव वाचवणारे ज्ञान ते हेच. रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे स्वस्त औषध परिणामकारक असल्याचे दाखवून दिले. कोकणातील खेड्यांत पूर्वी जीवघेणे ठरणारे विंचूदंश त्यानंतर बहुतांशी बरे होऊ लागले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण केंद्रातला डॉक्टर ज्ञान निर्माणही करतो, हे त्यांच्या कामातून सिद्ध झाले.

लसींचे गणित वेगळे आहे. त्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहाव्या लागतात. केंद्रातील शीतकपाट झाकण न उघडल्यास काही तास तापमान टिकवते. मात्र वादळानंतर वीज दोन-तीन दिवस येत नाही तेव्हा जनित्र आणि डिझेल यांवर सारी भिस्त असते. पाड्यावर जाणाऱ्या परिचारिकेच्या लसवाहकात बर्फाच्या चार वड्या असतात. गोठवणपेटीतून काढलेली वडी थेट लसीला लावली तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठून निकामी होते. म्हणून वडी बाहेर ठेवून तिला घाम फुटू द्यायचा आणि कानाजवळ हलवून आत पाण्याचा आवाज येतो का ते ऐकायचे. आवाज आला की वडी वापरायला तयार. कडक उन्हाळ्यात ही वडी लवकर वितळते आणि लांबच्या पाड्यावरचे सत्र आटोपते घ्यावे लागते. कुपीवरचे चौकोनी चिन्ह भोवतालच्या वर्तुळाइतके गडद झाले असेल, तर लस फेकून द्यायची. छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले गेले आहेत. आफ्रिकेत आणि भारतातही बॅटरीविना चालणारी, दिवसा आत बर्फाचा साठा करून रात्री थंड राहणारी सौर शीतकपाटे वापरात आली आहेत. शहापूर-मुरबाडमध्ये पावसाळी ढगाळ दिवस अधिक असल्याने नुसत्या सौर संचावर विसंबता येणार नाही. महावितरणची वीज, सौर संच आणि जनित्र अशी तिहेरी सोय लागेल. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरात एका कोविड रुग्णालयातील वीज गेल्याने रुग्ण दगावले. जनित्र कुठे ठेवले आहे आणि पुराची पातळी कुठवर येते, हा प्रश्न तेव्हापासून कोकणातल्या प्रत्येक रुग्णालयाने विचारायला हवा होता.

ऊन

पावसाचा प्रदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात उन्हाची तयारी सर्वांत कमी आहे. कोकणपट्टीत तापमान विदर्भाइतके चढत नाही, पण हवेत दमटपणा असतो. घाम सुकला तरच शरीर थंड होते आणि दमट हवेत तो सुकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या जाहीर समारंभात उष्णतेचा त्रास होऊन १४ जण दगावले. त्या महिन्यातील भारत-बांगलादेशमधील दमट उष्णतेच्या लाटेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञगटाने अशी लाट येण्याची शक्यता हवामानबदलामुळे किमान तीसपटीने वाढल्याचा निष्कर्ष काढला. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत हजाराहून अधिक जादा मृत्यू झाले आणि २०१३ साली त्या शहराने उष्णता कृती आराखडा आखला. भारतातील पुढच्या बहुतेक आराखड्यांचा तो आधार ठरला. हे आराखडे मुख्यतः शहरांसाठी घडलेले असल्याने वीटभट्टी, शेत आणि रोजगार हमीचे काम यांच्यापर्यंत ते कमीच पोचतात.

उष्माघाताच्या रुग्णाच्या शरीराचे तापमान ४० अंशांवर जाते, तो बडबडू लागतो किंवा बेशुद्ध होतो. त्याला आधी थंड करायचे आणि मग हलवायचे, हा उपचाराचा नियम आहे. अंगावर पाणी, वारा, काखेत आणि जांघेत बर्फ. यासाठी केंद्रात पाणी, पंखा आणि बर्फ हवा. म्हणजे पुन्हा पाणी आणि वीजच. छतावर पांढरा चुना, पत्र्याखाली छत आणि व्हरांड्याला सावली एवढ्या साध्या सुधारणांनीही केंद्राच्या आतले तापमान उतरते. गर्भवतींना उष्णतेचा ताण अधिक जाणवतो आणि मुदतीपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून एप्रिल-मेमधील तपासणी सत्रे सकाळी लवकर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

स्थलांतर आणि पोषण

भातकापणी उरकली की कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पीक बुडालेल्या वर्षी ती लवकर निघतात. आरोग्याच्या नोंदवहीत अशा कुटुंबासमोर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि बालकाची लस, गर्भवतीची तपासणी, कुपोषित मुलाचे वजन सारे तिथेच थांबते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित लाभार्थींचा माग ठेवणारी नोंद प्रणाली सुरू केली आहे. ती परिणामकारक ठरायची तर गाव सोडताना नोंद पाठवणारी अंगणवाडी सेविका आणि भट्टीवर ती स्वीकारणारी सेविका, दोघींचे काम एकाच वेळी मोजले गेले पाहिजे.

२०१५ पासून आदिवासी भागात गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गावाच्या अंगणवाडीत शिजणारे हे जेवण भट्टीवर गेलेल्या मातेपर्यंत पोचत नाही. २०२५ सारखा पाऊस मे महिन्यातच आला, तर कच्च्या विटा भिजतात, मालक काम बंद करतो आणि उचल न फिटलेली कुटुंबे हातात पैसा नसताना घरी परततात. पुढचे तीन महिने घरात धान्य कमी, कष्ट अधिक आणि आजार दारात अशी स्थिती असते. ग्राम बाल विकास केंद्रे आणि पोषण पुनर्वसन केंद्रे यांची क्षमता नेमकी या आठवड्यांसाठी वाढवून ठेवावी लागेल.

पैसा आणि जबाबदारी

केंद्र सरकारने २०१९ साली हवामानबदल आणि मानवी आरोग्य यांविषयीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्याअंतर्गत राज्य आणि जिल्हा पातळीवर आराखडे अपेक्षित आहेत. पाड्याच्या पातळीवर निधीच्या वाटा आजही आहेत : ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा वार्षिक दहा हजार रुपयांचा अबंधित निधी, रुग्ण कल्याण समितीचा निधी, आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखाली मिळणारा आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी. टीसीएलचे हवाबंद डबे, केंद्राच्या छताला चुना, माहेरघरातील जेवण, ओढ्यावरचा साकव ही कामे यातून होऊ शकतात. मोठा खर्च, म्हणजे रस्ते, वीज आणि रिक्त पदे भरणे, हा मात्र जिल्हा आणि राज्यानेच उचलायचा आहे. आशा कार्यकर्तीच्या मोबदल्याचा प्रश्नही यातच येतो. इथिओपियाने कार्यकर्त्यांना पगारी नोकर मानले. भारतात आशा अजूनही मानधन आणि कामागणिक मोबदल्यावर राबते. पूर, ऊन आणि साथ यांत प्रत्येक वेळी पहिली पोचणारी व्यक्ती तीच असेल, तर तिला स्वयंसेविका मानणे व्यवस्थेला परवडणारे नाही.

देखरेखीचा अनुभवही या जिल्ह्याकडे आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी आरोग्य सेवांना गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचे, ही ती पद्धत. तीच पद्धत हवामानाच्या तयारीला लावता येते.

शहापूर आणि मुरबाडमधील प्रत्येक ग्रामसभेने वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि भातकापणीच्या आधी, आपल्या आरोग्य केंद्राला पाच प्रश्न लेखी विचारावेत. टीसीएलमध्ये क्लोरीन किती टक्के आहे? प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत? वीज तीन दिवस गेली तर लसी कुठे ठेवणार? संपर्क तुटणाऱ्या पाड्यांवर येत्या चार महिन्यांत किती बाळंतपणे आहेत आणि त्या स्त्रिया कुठे राहणार? भट्टीवर गेलेल्या मुलांची नोंद कोणाकडे आहे? या पाचांची उत्तरे ज्या केंद्राकडे तयार असतील ते केंद्र पुढच्या पुरात आणि पुढच्या उन्हाळ्यात तग धरेल. ज्याच्याकडे नसतील त्याला ती शोधण्यासाठी मदत करणे हे ग्रामपंचायतीचे, जिल्हा परिषदेचे आणि शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते पाळले जाते की नाही याचा हिशेब नागरिकांनी मागत राहिला पाहिजे.